आईच्या डोळ्यांचा रंग

गोवर्धनदादा,

हैदराबादहून तुह्या चंदाचा नमस्कार. काचबिंदू वाढला नाही, घोर करू नोको. वहिनीचे गुडघे कसे हायत?

इथं दर खेपेले डोळ्याचा फोटो काढून कॉम्प्युटरवर रंग मोजतात. औषधाच्या थेंबांनं माहे घारे डोळे काळे पडून राहिले. गेलेला रंग परत येत नाही म्हणे. थेंब सोडले तर नजर जाईन.

मशीनले काय समजते, तो रंग कोनाचा हाय! मोर्शीच्या मळ्यात संत्रे तोडताना आईचे डोळे उन्हात ताज्या गुळासारखे दिसत. ती गेल्यावर तू माह्याच डोळ्यांत पाहात बसे.

म्हणून डॉक्टरले माह्या डोळ्याचा पयला, थेंब सुरू व्हायच्या आधीचा फोटो मागून घेतला. सोबत हाय. आईचा एकच फोटो, तोही काळा-पांढरा. हा त्याच्याजवळ ठेवजो.

तुहीच,
चंदा