अ‍ॅलर्जीच्या रकान्यात मंदाताई

डोंबिवली पूर्व,
बुधवार, दुपार

तीर्थरूप मंदाताईंना,

रसिकाचा वाकून नमस्कार. (फोनवरही केला असता, पण तीन आठवडे तुम्ही तो उचलत नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? कोलशेतच्या नव्या इमारतीतली लिफ्ट चालू झाली का? आनंदभावोजींच्या साखरेची चौकशी करायला मला तोंड नाही, तरी करते. इकडे मी बरी आहे. सुदेश बरा नाही. यंदा भाऊबीजेला ओवाळणार नाही असा तुमचा निरोप आल्यापासून तो जेवताना ताटाकडे बघत बसतो आणि मीठ बरोबर आहे असं म्हणतो. लग्नाच्या अठरा वर्षांत त्याने मिठाबद्दल चांगलं-वाईट काही म्हटलं नव्हतं. म्हणून लिहायला बसले.

झालं ते असं. माझ्या पोळीभाजी केंद्रात मी एक वही ठेवते. तीत गिऱ्हाइकाचं नाव, आवडनिवड आणि शेवटी एक टीप. 'पोळी मऊ, कवळी नवीन.' 'मीठ कमी, मागितलं तरी देऊ नये.' 'सासूला सांगू नये.' लोक डबा घ्यायला येतात आणि उभ्या उभ्या काय काय सांगून जातात; मी विसरू नये म्हणून लिहिते. वही पिठाच्या डब्यावर असायची. पीठ लागलेल्या वहीत कुणाचं गुपित असू शकतं, हे माझ्या कधी मनातच आलं नाही.

श्रावणात 'घासोघास' नावाच्या अ‍ॅपचे प्रशांत आले. (टिटवाळ्याचे, चाळिशी उलटलेले, स्वतःचा डबा घरून आणणारे.) म्हणाले, "मॅडम, तुम्ही फक्त वही द्या, बाकी सगळं सिस्टिम करते." मी म्हटलं, अहो, पण लोकांना विचारायला नको? तर म्हणाले, "तुम्ही 'मान्य आहे' दाबलंत की त्यांनीही दाबलं असंच धरतात." हे मला खटकलं. पण तव्यावर पोळी होती, आणि पोळी करपायला लागली की माणूस बऱ्याच गोष्टी मान्य करतो. हाताला कणीक होती म्हणून कोपराने दाबलं.

अ‍ॅपमध्ये टिपेला रकानाच नव्हता. प्रशांतनी बराच विचार करून सगळ्या टिपा 'अ‍ॅलर्जी'खाली भरल्या, कारण तो रिकामा होता. त्यात एकच शब्द मावत होता. दुसऱ्या दिवसापासून डब्यांवर छापील कागद चिकटू लागले. चौथ्या मजल्यावरच्या क्षिप्राच्या पुरणपोळ्यांवर 'अ‍ॅलर्जी: सासू' असं आलं, आणि डबा सासूबाईंनीच घेतला. (त्या पोळ्या सून करते, असं त्या चार वर्षं भिशीत सांगत होत्या. आता भिशीला जात नाहीत.) भावोजी गुरुवारी भजनानंतर माझ्याकडे शिरा खातात आणि थोडा पिशवीत तळाशी ठेवून नेतात, हे तुम्हाला आता माहीतच आहे. डब्यावर होतं, 'आनंद. शिरा, साखर जास्त. अ‍ॅलर्जी: मंदाताई.' भावोजींनी चष्मा लावला नव्हता. तुम्ही लावला होता.

त्यानंतर साखर मोजायचं यंत्र विकणारीने तुम्हाला फोन करून, आनंदजींना तुमचा त्रास कधीपासून होतो असं विचारलं, तेही यातूनच. कंपनी यादी पुढे भागीदारांना देते म्हणे. मी फोन करून सगळं पुसायला सांगितलं. नव्वद दिवस लागतील म्हणाले, सुरक्षेच्या कारणासाठी. कुणाच्या, ते सांगितलं नाही.

ताई, यात माझ्या दोन चुका आहेत, त्या एकत्र करू नका. डॉक्टरांनी नको म्हटलेलं मी त्यांना दिलं, तुमच्यापासून लपवून दिलं. त्यासाठी मला हवं ते बोला. दुसरी, त्यांनी विश्वासाने सांगितलेलं मी न विचारता परक्यांना देऊन टाकलं, आणि तुमचं नाव जगासमोर आजारासारखं छापून आलं. त्यासाठी तुम्हाला बोलायची गरज नाही. कणीक मळताना मीच मला रोज बोलते.

अ‍ॅप काढून टाकलं आहे. शिरा बंद, हेही भावोजींना सांगितलं. ते "बघू" म्हणाले. पण सुदेशने यात काहीच दाबलेलं नाही. त्याला ओवाळा.

तुमची,
रसिका

ता. क. पाकिटावर मुद्दाम फक्त तुमचं नाव घातलं आहे. भावोजींनी उघडलं असल्यास त्यांनी पुढचं वाचू नये.

ता. क. दुसरा. सोबत वहीचं एक पान जोडलं आहे. 'मंदाताई. मंगळवार, गणपतीच्या दर्शनानंतर. कांदाभजी दोन प्लेट. उपास. भावोजींना सांगू नये.' वही प्रशांतना देण्याआधी हे एवढं पान मी फाडून ठेवलं होतं. म्हणजे आपण काय देतोय हे मला तेव्हाच कळत होतं. बाकीच्या एकशे चाळीस घरांसाठी कळून घेतलं नाही, इतकंच. पानाची झेरॉक्स काढलेली नाही. भाऊबीजेला दार उघडलंत किंवा नाही, तरी ते तुमचंच. फक्त येत्या मंगळवारी याल तेव्हा एवढं सांगा: तुमची भजी यापुढे लिहून ठेवू, की नुसती लक्षात ठेवू?