आईचं नाव कुणाच्या गावात

कोलाडजवळून, ता. रोहा
२४ नोव्हेंबर २०२४

ती. वैशालीताईस,
सुरभीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपलं बोलणं लगेच भांडणावर जातं, म्हणून लिहितेय. आई काल रोह्याच्या गाडीनं सुखरूप आली. हे स्टेशनवर आणायला गेले होते. एक पिशवी घेऊन उतरली आणि म्हणाली, शिमग्यापर्यंत राहीन. ताई, बाबा गेल्यापासून ती तुझ्याच क्वार्टरमध्ये. माझ्याकडे दोन रात्रींवर कधी टिकली नाही. काल भाकऱ्या थापताना मी एकटीच हसत होते.

पण माझं सुख इतकं सरळ कुठलं? बाई बसलीय माझ्या ओटीवर आणि गुण गातेय तुझे. शेजारच्या अनिताला सांगत होती, माझी मोठी नर्सबाय हाय, तिच्या गावाला टीबीमुक्तीचं सर्टिफिकेट मिळायचं हाय, कलेक्टरच्या हातून. मी तिथंच बिरड्याचे वाल सोलत बसले होते. मी इथली आशा कार्यकर्ती आहे, माझंही गाव यंदा त्याच यादीत आहे, हे तिच्या गावीही नाही. देशानं पंचवीस सालापर्यंत टीबी हटवायचं ठरवलं ते काय एकट्या पेण तालुक्यासाठी? आम्हीही घरोघर फिरलो, खोकणाऱ्यांच्या थुंकीच्या डब्या रोह्याला पोचवल्या. अख्ख्या वर्षात एक रुग्ण निघाला, वाडीवरचा मारुती. आमच्यासारख्या हजार वस्तीच्या गावात एक असला तरी गाव बसतं, असं बैठकीत सांगितलंय. तेव्हा तू एकटीच स्टेजवर चढशील असं समजू नकोस.

जळते म्हणून हसशील. हस, पण माया आटवू नको.

तुझी,
सुरभी


जित्याजवळून, ता. पेण
४ डिसेंबर २०२४

चि. सौ. सुरभी हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू जळतेस म्हणतेस, मग माझंही ऐक. मी लसीकरणाला गेले होते. परत आले तर घराला कुलूप. आमची मदतनीस जानी सांगते, आजी गाडी पकडायला गेल्या. मला तोंडानं सांगितलंसुद्धा नाही. आणि परवा फोनवर काय तर नात राणी अशी, राणी तशी, सुरभीची भाकरी कापसासारखी. नऊ वर्षं माझ्या हातची भाकरी खाल्ली, तिला बरी म्हणायचं कधी सुचलं नाही. गुण माझे गाते आणि जीव तुझ्यात, असं आहे ते.

आता महत्त्वाचं. ती खोकते का गो? मला दिवाळीआधी संशय आला होता. विचारलं की फोडणीचा ठसका म्हणायची. दोनदा डबी हातात दिली, दोन्ही वेळा नुसती लाळ भरून दिली आणि तपासणीत काही आलं नाही. एक्स-रेला पेणला नेणार होते, तेवढ्यात ती निघून गेली. ती अंगानं उतरलीही आहे. तू सकाळी चूळ भरायला लावून समोर उभी राहा आणि खोल खोकून कफ घे. राणीला सध्या तिच्या कुशीत झोपवू नकोस.

राणीला गोड पापा. रुसवा ठेव, पण उत्तर धाड.

तुझी,
वैशाली


कोलाडजवळून
२७ डिसेंबर २०२४

ती. ताईस सा. न.

आईला टीबी आहे. काल रोह्याहून रिपोर्ट आला. आजपासून गोळ्या सुरू झाल्या.

यापुढचं रागानं लिहितेय, तसंच वाच. रिपोर्ट कळल्यावर मी तिला विचारलं, ताईकडे नीट कफ का दिला नाहीस? आधी पदराला गाठी मारत बसली. मग म्हणाली, तिच्या गावाचं सर्टिफिकेट माझ्यापाय अडलं असतं गो, सगळा गाव तिला बोलला असता. म्हणून ती खोकला यायचा तेव्हा मागच्या दारी जायची. म्हणून ती मी न बोलावता आली. मी मूर्ख, तिच्यासाठी भाकऱ्या थापत हसत होते!

मी विचारलं, आणि माझं गाव? तर माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. तिच्या डोक्यातच आलं नव्हतं ते. ताई, मला आजाराचं एवढं लागलं नाही. आजार गोळ्यांनी जाईल. तुला जपायला ती स्वतःला मारत होती, आणि मरायला जागा म्हणून माझं घर आठवलं.

मारुती एक, आई दोन. आमचं गाव यंदा बाद. सरपंच महिपतीकाका म्हणाले, म्हातारी पाहुणी आहे, पेणला पाठवून तिथं तपासली असती तर काय बिघडलं असतं? मी म्हटलं, तोवर माझी राणी तिच्याजवळ खेळत राहिली असती, ते बिघडलं असतं. ते चपला घालून तरातरा निघून गेले.

राणीचा एक्स-रे साफ आहे. तिला प्रतिबंधाच्या गोळ्या सुरू करतायत. खरं सांग, तुला हे माहीत होतं का?

सुरभी


जित्याजवळून
५ जानेवारी २०२५

चि. सुरभीस आशीर्वाद.

माहीत नव्हतं. बाबांची शपथ. तुझं पत्र हातात घेऊन मी उपकेंद्रातच रडले, बाळंतीण बाई तपासायला आलेली, तीच मला पाणी देत होती. मी जगाच्या डब्या भरून घेतल्या आणि घरातला खोकला मला फसवून गेला. तिनं मला जपलं असं तुला वाटतं. मला वाटतं, माझ्याच घरात तिला माझी भीती वाटली. ह्यात हेवा करण्यासारखं काय आहे ते तूच सांग.

मी मेडिकल ऑफिसरांना सगळं सांगितलंय. ती दिवाळीनंतरपर्यंत माझ्या पत्त्यावर राहत होती, खोकलाही इथलाच. तिचं नाव माझ्या गावात घ्यावं असा अर्ज दिलाय. आमच्याकडेही यंदा एक रुग्ण आहेच, मग तुमचं गाव बसेल, आमचं बाद होईल. आमचे सरपंच माझ्यावर चिडलेत, चिडू देत. तुमच्याकडचे उपचाराचे सुपरवायझर येतील, आईला विचारतील, ती हो म्हणाली की झालं. मी रविवारी न्यायला येते. सहा महिने मी तिचं करीन. लघवी तांबडी होत असेल, ती घाबरली असेल, तो औषधाचा रंग असतो एवढं तिला आजच सांग.

मला हे करू दे. तेवढी माया शिल्लक असेल अशा आशेनं,

वैशाली


कोलाडजवळून
१६ जानेवारी २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू रविवारी आलीस, आईनं तुझे हात हातात घेतले, आणि मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले. पुढचं तुझ्यासमोर बोलवलं नाही म्हणून तुला आईशिवायच परत पाठवलं. आता लिहिते.

आईला भूक लागते. पहाटेचा घाम गेला. ओटीवर उन्हात बसते, तोंडाला मास्क लावून अनिताशी गप्पा मारते. महिपतीकाकांनी गावठी अंडी पाठवली, वर निरोप की म्हातारीला रोज एक उकडून द्या. वाडीवर मारुतीची बायकोही खोकते म्हणून तिची डबी कालच पाठवली. अजून एखादं नाव वाढलं तरी वाढू दे.

काल सुपरवायझर आले. तुझा अर्ज त्यांच्याकडे होता. आईसमोर खुर्ची घेऊन बसले आणि सरळ विचारलं, आजी, गोळ्या कुठं घेणार, पेणला की इथं? नाव त्या गावात टाकतो.

ताई, आई तोंड उघडणार, तोच मी मधे बोलले. इथंच, म्हणाले. नाव इथंच राहील. साहेबांनी पुन्हा आईकडे बघितलं. तिनं मान हलवली, पण माझं बोलून झाल्यावर हलवली.

गावाचं गेलं ते गेलं. तुझ्या गावाला मिळेल, तू स्टेजवर जाशील, आई फोटो दारोदार दाखवेल आणि माझा जळफळाट होईल. होऊ दे. सहा महिने तिला रोज गोळी माझ्या हातून मिळणार, हे मी कुणाला देणार नाही. तुला तर नाहीच.

मी बोलले नसते तर ती काय म्हणणार होती, ते मी तिला विचारलेलं नाही. तूही विचारू नकोस.

येत जा. येताना फळं आण, भाकरी आणू नकोस. राग ठेवलास तरी चालेल, येणं सोडू नकोस.

तुझी,
सुरभी