निळी लहर आवाज खाते

६ जानेवारी १९८९, शुक्रवार
कारखाना बंद. संध्याकाळी 'नीली लहर'चा चौथा एपिसोड. डॉक्टर सान्यालच्या मशीनमधून निळी लहर सुटते आणि माणूस मेंदूने गुलाम होतो. (आमच्या टीव्हीत ती पांढरी दिसते. मला कळतं.) मशीन कुणी चोरलं? अख्ख्या टेमघरात हे शोधू शकेल असा माणूस एकच. बावीस वर्षं जॉबर आहे मी, कापडाचे लूम दुरुस्त करतो. लूम बिघडला की नुसत्या आवाजावरून सांगतो. मशीन शेवटी मशीनच.
निश्चय : तेराव्या एपिसोडच्या आत चोर पकडायचा.

१३ जानेवारी, शुक्रवार
थिअरी तयार! लहर आवाज खाते. पात्रांचे ओठ हलतात, शब्द येत नाहीत. आज अशा चौदा जागा मोजल्या. डायरेक्टरने क्लू फार हुशारीने लपवलाय. सगळ्यात जास्त आवाज सान्यालच्या बहिणीचा खाल्ला जातो. तीच चोर.
व्हॉल्यूम फुल केला. शेजारची आक्का भांडायला आली. कला कळत नाही लोकांना.

१४ जानेवारी, दुपार
लतीफला थिअरी सांगितली. निजामपुऱ्यात सत्तारशेठच्या कारखान्यात तो माझ्या देखरेखीखाली चार लूम चालवतो. माणूस चांगला, पण डोकं साधं. म्हणाला, "चांगदेवभाई, सब तो साफ बोलते हैं."
पुढचं ऐकून घेतलं नाही. जळतो माझ्यावर.

१९ जानेवारी
लहर टेमघरात पोचली आहे. बायकोने, पुतळाबाईने, मीठ मागितलं, मी पीठ आणलं. म्हणजे तिने 'पीठ' म्हटलं आणि 'मीठ' म्हटल्यासारखं तिला वाटलं. तिला शांतपणे सांगितलं की तुझ्या मेंदूवर परिणाम झालाय. ती पाठ फिरवून पुटपुटली. पुरावा.

२३ जानेवारी
दोन्ही कानांत कापूस घालून ड्युटीवर गेलो. सावधगिरी. काहीही फरक पडला नाही! म्हणजे माझा मेंदू लहरीला मुळात दादच देत नाही. रोज घालणार.

२९ जानेवारी, रविवार
मेहुणा रघू गणेशपुरीहून आला होता. त्याच्यासमोर पुतळाची टेस्ट घेतली. तिने अंगणातून आकडे बोलायचे, मी ओसरीवर लिहायचे. वीसपैकी सात आले. तिला निकाल दाखवला. ती पिशवी भरून रघूबरोबर एसटीला निघून गेली. जाताना काय म्हणाली ते नीट बोलली नाही.
चार दिवसांत येईल. परिणाम उतरतो.

७ फेब्रुवारी
आली नाही. भात करपला.

१५ फेब्रुवारी
लिहवत नाही. लिहितो.
सकाळी अकराला लतीफच्या लूममधून धोटा उडाला. आडवा दोरा नेणारा, लोखंडी टोकाचा, सरळ त्याच्या तोंडावर. लूम सकाळपासून ठोकत होता म्हणे. पलीकडच्या लूमवरच्या इक्बालला कळलं, झाडूवाल्या राहीबाईलाही कळलं. मी दोन हातांच्या अंतरावर होतो. लतीफ मला हाका मारत होता म्हणे, बंद करो, बंद करो. मी धोट्यांची पेटी लावत बसलो होतो. रक्त दिसल्यावर वळलो.
भुवईवर सात टाके. डोळ्याचं नंतर सांगतील.
हा लहरीचाच

१६ फेब्रुवारी
वरचं वाक्य पूर्ण करायचं नाही.
कापूस फेकला. काही फरक पडला नाही.

२० फेब्रुवारी
सत्तारशेठने कल्याणला कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं. काचेच्या खोलीत हेडफोन. आवाज आला की बटण दाबा. आवाज आलाच नाही, म्हणून दाबलं नाही. बाहेर येऊन डॉक्टरांना सांगितलं, तुमचं मशीन बंद आहे, मी जॉबर आहे, खोलून बघू का? त्यांनी कागदावर लिहून दिलं : मशीन चालू होतं.

२२ फेब्रुवारी
गणेशपुरीला गेलो. पुतळा दारात तांदूळ पाखडत होती. मी म्हटलं, चल घरी. ती बोलली. मी म्हटलं, काय? ती पुन्हा बोलली. मी म्हटलं, काय? तिने सूप खाली ठेवलं आणि माझा कान धरून ओरडली,
"तुमाला आयकू येत न्हाय! दोन वर्सं सांगतेय!"
मी म्हटलं, मला कधी सांगितलंस?
रघू हसला. पुतळा हसली नाही. डोळ्यांना पदर लावला, पिशवी घेतली आणि माझ्या आधी एसटीत जाऊन बसली.

१० मार्च, शुक्रवार
तेरावा एपिसोड. पुतळाने शेजारी बसून एकेक डायलॉग कानात ओरडून सांगितला. पोलिसांनी सान्यालच्या कंपाउंडरला धरलं. मी ओरडलो, कंपाउंडर? आणि बहीण?
पुतळा म्हणाली, ती बिचारी दुसऱ्याच भागापासून सगळ्यांना सांगतेय, चोर कंपाउंडर हाय म्हणून.
म्हणजे तेव्हापासून अख्खी गल्ली तो सापडतो कधी, ते बघत होती. चोर कोण, हे शोधणारा मी एकटाच.

१२ मार्च, सकाळ
सत्तारशेठने मला लूमवरून काढून कापडाच्या घड्या घालायला बसवलं. तिथे कान लागत नाहीत. बरोबर आहे.
लतीफच्या घरी गेलो. डाव्या डोळ्याने धूसर दिसतं त्याला. आता लूम नाही, सासऱ्याच्या चहाच्या दुकानात बसणार. त्याची बायको नसीबा पाणी ठेवून आत गेली. आठवडाभर पाठ केलेलं बोललो. लतीफ, गलती मेरी थी. मुझे सुनाई नहीं देता. मैंने माना नहीं.
त्याने खिडकीकडे तोंड वळवलं. मग माझ्याकडे न बघता काहीतरी बोलला. दोन-तीनच शब्द.
पुन्हा विचारता आलं असतं.
मान हलवली, पाणी प्यायलो, उठलो. 'जाने दो भाई' असंच म्हणाला असणार. ओठ तसेच हलले. हल्ली मला ओठ चांगले वाचता येतात.