यशोदाबाईंचं फरशी-पाणी

८ मार्च, शनिवार

नऊ बाटल्या गेल्या आज. आणि दुपारी जळगावहून फोन! तिथल्या महिला मंडळाच्या मोहिनीताई. तेवीस तारखेला मेळावा आहे, तुमचं फरशी-पाणी करून दाखवा म्हणाल्या. मी म्हटलं, माझं कसलं, माझ्या आईचं ते. तर म्हणे, मग आईबद्दलही दोन शब्द बोला! फोन ठेवला आणि उगाच ओटा पुसत बसले. रडू येत होतं.

लिंबाच्या साली तीन भाग, गूळ एक, पाणी दहा. पिंपात तीन महिने मुरू द्यायचं. सुरुवातीला रोज झाकण सैल करून आतली हवा सोडायची. बस्स, एवढंच. दोन वर्षांपूर्वी संक्रांतीला प्लास्टिकच्या डब्यांऐवजी मी हे वाण दिलं, तेव्हापासून देवपुरातली आमची अख्खी गल्ली याच पाण्याने फरशी पुसते. प्रत्येक बाटलीवर माझ्या हातची, आईच्या नावाची चिठ्ठी – 'यशोदाबाईंचं पाणी'. सासूबाई असत्या तर मुद्दाम वाचून दाखवली असती. होत्या तोवर येता-जाता एकच – "माहेरथून काय शिकीसन उनी व तू?" घ्या! हे शिकून आले!

गुडघ्यांमुळे मला गच्चीवर जाता येत नाही आणि पिंप तिथेच. साली मी चिरते, गूळ मी मोजते. वर नेणं, गाळणं, बाटल्या भरणं सारिकाकडे. सून आहे, पण लेकीसारखी हाताशी असते.

१२ मार्च

सारिका होळीला दोंडाईच्याला, माहेरी गेली. सोळाला येईल. जाताना चार बाटल्या भरून ठेवल्या. गुणाची पोर.

१३ मार्च, होळी

आज लिहू नये असं वाटत होतं. तरी लिहिते.

चारही बाटल्या सकाळीच संपल्या. मग ताईबाई आली, समोरच्या घरातली. या गल्लीत मी आले तेव्हापासूनची मैत्रीण, मला अक्का म्हणते. "सावकाश दे, घाई नही शे," म्हणाली. पण सणाच्या दिवशी रिकाम्या बाटलीने कुणाला परत पाठवायचं? हे बाहेर, मुलगा भूपेंद्र कामावर. म्हटलं, आपणच चढू. एकोणीस पायऱ्या. तीनदा टेकले.

पिंप काठोकाठ भरलेलं!

दसऱ्याला भरलं होतं ते. संक्रांतीपासून त्यातूनच गाळतेय म्हणून सांगते ती. निम्मं तरी उतरायला हवं की नको? झाकण उघडलं. वर जाड पांढरी साय, तिच्यात मेलेली चिलटं. शेजारी गाळणं, कोरडं ठणठणीत. आणि मागे, पोत्याखाली, बाजारातल्या फरशीच्या लिक्विडचे मोठे कॅन. सहा रिकामे, एक अर्धा. त्यावर माझ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा, वाऱ्याने उडू नये म्हणून दगड ठेवलेला.

अर्ध्या कॅनचं बूच उघडून वास घेतला. तोच! 'साली कशा मुरल्यात बघ' असं ज्या वासाला मी म्हणायचे, अगदी तोच. एकदा विचारलं होतं, एवढा फेस कसा गं येतो? तर म्हणाली, "आई, मी थोडा रिठा टाकते त्यात." रिठा!

खाली कशी उतरले आठवत नाही. ताईबाईला सांगितलं, पाणी संपलंय. माझ्या आईचं नाव, आणि आत दुकानातलं लिक्विड. दोन वर्षं.

पुरण शिजलंच नाही नीट. पोळ्या फुटल्या.

१४ मार्च

यांना सांगितलं. दचकले नाहीत. तेवढ्यावरून काय ते कळलं. "अगं, पण तुझ्या आईच्या घरी..." असं काहीतरी सुरू करत होते. मी ताट सरकवून उठले. पुढचं मला ऐकायचंच नव्हतं.

१५ मार्च

कॅन आणतो कोण? भूपेंद्र! माझ्या पोटचा. मोटरसायकलवरून, मी पोथी वाचायला बसते ती वेळ साधून. वर म्हणतो, "आई, एवढं काय त्यात? फरशी तर स्वच्छ होते ना?"

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. तिघं माझ्यासमोर जेवायला बसायचे. मी आईचं सांगायचे – ती गूळ कसा ओंजळीने मोजायची, साली उन्हात कशी घालायची – आणि तिघं माना डोलवायचे. मी पाठ फिरवली की एकमेकांकडे बघत असतील! आणि मी वेडी, बाजारात गुळाच्या ढेपा निवडत उभी राहायचे. काळपट नको, पिवळा हवा. का, तर आईच्या नावाचं आहे.

सारिकाचा दोनदा फोन आला. घेतला नाही. उद्या येतेच आहे. येऊ दे.

१६ मार्च, रविवार

आली. पिशवीत माझ्यासाठी माहेरचे पापड. मी पिशवीला हात लावला नाही. म्हटलं, आधी गच्चीवर चल. मी पुन्हा चढले. मुद्दाम चढले! ती मागून "आई, नका, गुडघे..." करत. मी कॅनकडे बोट दाखवलं.

मला वाटलं होतं, कारणं देईल – वेळ मिळत नाही, गाळायला त्रास होतो. नाही. खालीच बसली. शहरात वाढलेली मुलगी, घरात कधी अहिराणी बोलत नाही, ती रडायला लागल्यावर अहिराणीतच बोलली. "पहिली खेपनंच पाणी व्हतं ते. ताईबाईना देवघरले लावं त्यासनी. बठ्ठं संगमरवर खाई टाकं त्यानी. ताईबाईनी माले शपथ घातली, अक्काले सांगू नको."

मी म्हटलं, मग मला येऊन सांगायचं! मी काय खाल्लं असतं तुला?

"तुमनी मायनं नाव व्हतं त्यावर. कसं सांगू मी?"

मी म्हटलं, रडू नकोस, मला रडून दाखवू नकोस. दोन वर्षं मला वेड्यात काढलंस. उद्या परक्या गावात चार बायकांत माझं हसं झालं असतं! ती पदराने कॅनवरची धूळ पुसत राहिली. त्याचाही राग आला मला.

पापड तसेच ओट्यावर आहेत.

१७ मार्च

ताईबाईकडे गेले. म्हटलं, देवघर दाखव.

ती म्हणाली, "बस व, चहा टाकस." मी म्हटलं, चहा नको. समईखालचा लाल कपडा मी स्वतः उचलला. खाली पांढरेफटक डाग. हात फिरवला तर खरखरीत. तिच्या मुलाने राजस्थानहून मागवलेलं देवघर! नवं आणलं तेव्हा अख्खी गल्ली बघायला गेली होती. संक्रांतीनंतर चार दिवसांनी ताईबाई बाटली हातात घेऊन आली होती, मला आजही आठवतं. "अक्का, संगमरवरले चाली ना?" आणि मी म्हटलं होतं, माझ्या आईची कृती आहे, डोळे मिटून लाव.

दोन वर्षं त्या डागांवर कपडा अंथरून ती पूजा करतेय. आणि दर महिन्याला रिकामी बाटली घेऊन माझ्या दारात येतेय!

मी म्हटलं, तूही? तूसुद्धा मला फसवलंस?

"फसाडं नही व माय," म्हणाली. "तू मायनी आठवण काढीसन किती खूश व्हती. एक दगडना करता तुले दुखाडू?"

बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. सगळे मिळून चांगले, आणि मी एकटीच काय ती मूर्ख. फसवणारा चांगला निघाला की भांडायलाही जागा राहत नाही.

१८ मार्च

सारिका सकाळी पाया पडली. "चुकलं, आई." मी थोडा वेळ पाय तसेच ठेवले. मग म्हटलं, जाऊ दे, माफ केलं. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. दुपारी पापड भाजले.

यांनी पेपरातून मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पेपरात घातली.

२१ मार्च

पिंप ओतून टाकलं. मेळाव्यासाठी सारिकाने नव्या साली चिरल्या, मी चिरू देईना तरी. कॅन भंगारात.

२३ मार्च, रविवार

जळगाव. सारिका सोबत होती, पिशव्या तिनेच उचलल्या. ऊन मरणाचं. मांडवात दोन-अडीचशे बायका.

साली, गूळ, पाणी सगळं दाखवलं. शेवटी माईकवर ठणकावून सांगितलं – एक लक्षात ठेवा, संगमरवराला हे चुकूनही लावू नका, डाग पडतात. मोहिनीताईंनी विचारलं, "हेही आईंनीच सांगितलं होतं का?"

मी म्हटलं, हो. जुन्या माणसांना सगळं ठाऊक असायचं.

टाळ्या! सारिका पहिल्या रांगेत. सगळ्यात जास्त वेळ तीच वाजवत होती. शाल दिली. परत येताना बसमध्ये तिने ती माझ्या गुडघ्यांवर पांघरली. झोप लागली असं दाखवून मी डोळे मिटून घेतले.

२४ मार्च

इथे तरी खरं लिहिते. आईने जन्मभर राखेने भांडी घासली आणि शेणाने घर सारवलं. फरशी तिच्या घरात कधी नव्हतीच. कृती मी मोबाईलवर पाहिली होती. त्यातली बाई शेवटी म्हणाली होती, संगमरवराला लावू नका.

मी ऐकलं होतं.