७०४ : सदनिका बंद

३ फेब्रुवारी

वडपे. पस्तिशीच्या आतल्यांसाठी सरकारने बांधलेल्या इमारतीची तपासणी सुरू. सोडतीत घर लागलेला माणूस तिथे खरंच राहतो का, एवढंच पाहायचं. आठवड्याच्या अंतराने तीन भेटी. तिन्ही वेळा दार बंद, तर घर रद्द – आणि ते प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाला.

सातवा मजला, ७०४. उन्नती, वय २६, दापोड्याच्या गोदामात पॅकिंगला. दाराला कुलूप. बेल वाजवली, नियमाप्रमाणे पाच मिनिटं थांबले. विजेचा मीटर २१२. फोटो, वेळ, रीडिंग ॲपमध्ये टाकलं.

समोरच्या ७०३ मधल्या सीताबाई दारात लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांची भातशेती या इमारतीखाली गेली, बदल्यात हे घर मिळालं. म्हणाल्या, "घरातच हाय ती."

मी कुलपाकडे बोट दाखवलं. त्या हसल्या. "तुमच्या हापिसाला कुनीतरी डोलं द्या आधी."

शेजाऱ्यांचं म्हणणं नोंदवायला ॲपमध्ये जागा नाही.

प्रतीक्षा यादीत पहिलं नाव माझं आहे. तीन वर्षांपूर्वी अर्ज केला, तेव्हा इथे नोकरीला नव्हते. ऑफिसात कोणाला सांगितलेलं नाही.

४ फेब्रुवारी

वहिनीला आठवा महिना लागला. जेवताना वरददादा म्हणाला, "अपूर्वा, तुझं कपाट हॉलमध्ये आणलं तर चालेल ना?" म्हणजे कपाटामागोमाग मीही हॉलमध्ये. माई म्हणाली, "होईल गं तिचंही काहीतरी." मी वरण वाढून घेतलं.

१० फेब्रुवारी

दुसरी भेट. कुलूप. मीटर २१२. आठवड्यात एक युनिटही नाही. म्हणजे आत कोणी राहत नाही, यात मत मांडण्यासारखं काही नाही.

दाराबाहेरचं पायपुसणं ओलं होतं. त्यावर अनवाणी पावलाचा ठसा – बोटं बाहेरच्या बाजूला, माझ्याकडे. जिना पुसणारीचा असेल.

१७ फेब्रुवारी

तिसरी भेट. चौथ्या मिनिटाला आतून कडी सरकल्याचा आवाज आला. दार हललं नाही. कुलूप जागच्या जागी. पण साबणाचा वास आला, अगदी जवळून. आंघोळ करून कोणी समोर येऊन उभं राहावं, तसा.

सीताबाई सुपातला लसूण बाजूला ठेवून उठल्या. "बाय, ती उभी हाय तुझ्यापुढं. बोल तरी तिच्याशी."

मी मीटर पाहिला. २१२. 'बंद' दाबलं.

१८ फेब्रुवारी

दादाने कपाट हलवलं.

२८ फेब्रुवारी

उन्नतीचा खुलासा ऑफिसात आला. वहीच्या कागदावर, चार ओळी. "मी तिन्ही वेळा दार उघडलं. मॅडमना म्हटलं आत या, पाणी घ्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. मग मीटर बघून निघून गेल्या."

साहेब म्हणाले, "काय प्रकार आहे हा?" मी फोटो पुढे ठेवले. तीन फोटो, तिन्हीत कुलूप. साहेब म्हणाले, "मग झालं तर."

फोटो खोटे नाहीत. साबणाच्या वासाचं मी बोलले नाही. कडीचंही नाही.

१२ मार्च

पंचनामा. कुलूप तोडलं. मी आणि साक्षीदार म्हणून वायरमन रामनाथ. चटई, दोन ड्रेस, एक कंगवा, तीन भांडी. कुकर उचलला आणि लगेच खाली ठेवला – गरम होता. रामनाथने हात लावून पाहिला. माझ्याकडे पाहिलं. मग सही केली.

मी लिहिलं, 'भांडी : तीन नग'. तेही खोटं नाही.

निघताना सीताबाईंना विचारलं, ती गेली कुठे? त्यांनी दार लावून घेतलं.

४ एप्रिल

साहेब यादी बघून म्हणाले, "तुम्हीच?" म्हटलं, "अर्ज जुना आहे." त्यांनी शिक्का मारला. माझं तपासणीचं काम देवेशकडे दिलं, तो नवीन लागलाय. संध्याकाळी चावी मिळाली. माई रडली. मी भिंती सरळ आहेत का ते लेव्हल लावून पाहिलं, आहेत.

१३ एप्रिल

नऊ दिवस राहतेय. फ्रिज, पंखा, इस्त्री, रोज. मीटर २१२.

रामनाथला बोलावलं. त्याने मीटरचं झाकण उघडून तपासलं. "मीटर चांगला आहे. घरात लोडच नाही," म्हणाला. आत पंखा फिरत होता. तो हे मला सांगत नव्हता. सीताबाईंना सांगत होता. त्यांनाच विचारलं, "मॅडमनी बोलावून घेतलं आणि आहेत कुठे?"

१६ एप्रिल

वहिनीला मुलगी झाली. दोनदा फोन केला. दादा नुसतं "हॅलो, हॅलो" म्हणत राहिला.

२१ एप्रिल

देवेश आला. मी नुकतीच आंघोळ करून निघाले होते. कडी काढली, दार पूर्ण उघडलं. म्हटलं, आत ये, पाणी घे. त्याने मोबाइल वर केला, फोटो काढला. मी वाकून स्क्रीन पाहिली. फोटोत कुलूप होतं.

तो पाच मिनिटं थांबला. मी पाचही मिनिटं त्याला नावाने हाका मारत होते. मग त्याने मीटर वाचला आणि समोर वळला. "मावशी, इथे कोणी राहतं का?"

सीताबाईंनी लसूण सोलताना मान वर केली. सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"मीटरला इचार ना तुझ्या," म्हणाल्या.