पलीकडच्या बाजूच्या तोट्या

प्रिय चिमणे,

काल फोनवर सांगितलं ते खरं आहे, इंजिन सुरू झालं. भंगारवाल्याच्या तावडीतून ते सोडवलं तेव्हा छतावर झुडपं उगवली होती आणि आतल्या वायरी उंदरांनी फस्त केल्या होत्या. आम्ही पाच रिटायर्ड माणसं रेल्वेच्या त्या जुन्या डिझेल इंजिनाच्या मागे लागलो, तर लोक म्हणाले, यांना घरी कुणी विचारत नसणार. तुझी आई त्याला सरळ आपली सवत म्हणायची. मग सवतीचं तोंड तरी बघते म्हणून एकदा शेडमध्ये आली आणि बाह्या सरसावून अशी कामाला लागली, की पुढे आम्हालाच दटावू लागली. आमच्यातला कॅशियर तर तिला बघून विडी लपवायचा.

तू काळजी करतेस म्हणून लिहितो, मी जेवतो, झोपतो, अंघोळ करतो. जेवणात मीठ आहे की नाही ते कळत नाही, पण ताट संपतं. तुझी आई गेल्यावर दुसऱ्याच दिवशी मी शेडवर गेलो म्हणून तुझ्या आत्याने माझी चांगली कानउघाडणी केली. शेजारीण म्हणते, यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. ते खरं आहे. आणायचं म्हणून येत नाही ना. आत्याचं बोलणंही मला लागलं नाही, लागायला हवं होतं.

बरीच वर्षं बंद असलेलं इंजिन एकदम सुरू करत नाहीत. सिलेंडरमध्ये पाणी साचलेलं असलं तर आतला दांडा वाकतो आणि सगळी मेहनत मातीमोल होते. म्हणून प्रत्येक सिलेंडरची छोटी तोटी उघडायची आणि लांब पहार लावून इंजिन हाताने फिरवायचं, म्हणजे पाणी बाहेर पडतं. निम्म्या तोट्या अलीकडे, निम्म्या पलीकडे. मध्ये इंजिन, त्यामुळे पलीकडचं माणूस दिसत नाही. तिकडच्या तोट्या उघडल्या की पत्र्यावर पान्याने दोनदा ठोकायचं, आणि ते ऐकल्याशिवाय पहारीला जोर लावायचा नाही. पलीकडे कायम तुझी आई असायची.

काल कामं मीच वाटून दिली. ड्रायव्हरकाका वर केबिनमध्ये, कॅशियर बॅटरीजवळ, उरलेले दोघे माझ्याबरोबर पहारीवर. बघायला माणसं जमली होती. मी पहार धरून उभा राहिलो, आणि उभाच राहिलो. दोघे माझ्या तोंडाकडे बघत होते. मला वाटत होतं, आज ही एवढा वेळ का लावते आहे. पलीकडे मी कुणालाच नेमलं नव्हतं, आणि ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. शेवटी ड्रायव्हरकाका केबिनमधून उतरले, पलीकडे गेले आणि त्यांनी तोट्या उघडून दोनदा ठोकलं. मग मी पहार ढकलली. त्या बाजूने पेलाभर तांबूस पाणी निघालं.

इंजिन दुसऱ्या प्रयत्नात धडधडायला लागलं. काळा धूर आधी छताला भिडला, मग हळूहळू निवळला. कॅशियर लहान पोरासारखा रडला. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. मी हसलो आणि चिंधीने हात पुसत बसलो. एवढी वर्षं ज्या आवाजासाठी घालवली तो कानात शिरला, पण पुढे कुठे पोचलाच नाही.

घरी आलो तर तुझा फोन. येऊ का, असं तू परत विचारलंस, आणि मी नेहमीसारखं म्हणालो, कशाला, मी मजेत आहे, तुझी नोकरी सांभाळ. फोन ठेवला आणि तसाच खुर्चीत बसून राहिलो, दिवासुद्धा लावला नाही. पुन्हा फोन केला तरी तोंडातून नकोच येईल, म्हणून हे लिहितोय. मी मजेत नाही गं. मला काहीच होत नाही, आणि त्याचीच मला भीती वाटते. तू ये.

तुझाच,
बाबा