शैलजाचे मनगट आणि माझी काख

ती. मनकर्णाअक्कांस,

चिखलीहून उद्धवचा दंडवत. सोनाळ्यात सगळे सुखरूप असतील आणि भाऊजींचा गुडघा जिना चढू देत असेल, असे धरून चालतो. इकडे मी ठणठणीत आहे. शैलजाचे मात्र ठीक नाही, म्हणून हा कागद. (फोनवर बोललो की तुमची धाकटी बहीण शेजारी बसून माझे प्रत्येक वाक्य दुरुस्त करते.)

दिवाळीपासून तिची छाती धडधडते, चार पायऱ्या चढली की खाली बसते. बुलढाण्याचे डॉक्टर म्हणाले, मनगटातून नळी घालून हृदयाच्या नसा तपासू, फक्त उजव्या हातातल्या बांगड्या काढून या. झालं! नवरा जिवंत असताना हात रिकामा करायचा नाही, हे तिचे म्हणणे. (जिवंत नवरा म्हणजे मी. माझे मत कोणी विचारले नाही.) डॉक्टर बिचारे म्हणाले, मग जांघेतूनही नळी घालता येते. त्यावर ती चपला घालून थेट एसटी स्टँडवर.

मग मी सुयांचा मार्ग धरला. इथल्या मंगल कार्यालयात सुवर्णाताई म्हणून एका बाईंचे चिनी सुयांचे शिबिर लागले होते. भिंतीवर माणसाचे चित्र, त्याच्या हातावर हृदयाची रेघ. ती काखेतून निघते, दंडाच्या आतल्या बाजूने उतरते आणि करंगळीच्या टोकाला संपते. वाटेत सुया टोचायची ठिकाणे. मला शास्त्र पटले, निदान त्यात जांघ नव्हती. पण धडधडीचे मुख्य ठिकाण कुठे निघाले, तर मनगटाच्या घडीवर, करंगळीच्या अंगाला. म्हणजे बरोबर बांगड्यांखाली! शैलजाने माझ्याकडे बोट दाखवले, आधी यांच्यावर करून दाखवा म्हणाली.

सदरा काढून बसलो. ताईंनी पहिले ठिकाण चाचपायला काखेत बोट लावले आणि अक्का, मी हसलो. सारी नोकरी कवायत शिकवण्यात गेली, शाळेत माझे दात कोणी पाहिले नाहीत. रांगेत नेमका दयाराम उभा, ज्याला कवायतीत हसला म्हणून मी उन्हात उभे केले होते. खुर्चीवरून घसरेपर्यंत हसलो. शैलजाही हसली. हसता हसता तिला दम लागला आणि ओठ पांढरे पडले.

ताईंनी सुया डबीत ठेवल्या. म्हणाल्या, "सर, माह्या सुया कुठी पळून नाई चालल्या. काकूले पहिले दवाखान्यात न्या."

तसेच बुलढाणा गाठले. औषधाने धडधड बसली, तपासणी सोमवारी ठरली. बांगड्यांवर मात्र ती अडून आहे. तुम्ही थोरल्या, तुमचा शब्द ती मोडत नाही. चार शब्द समजावून सांगा.

आपला नम्र,
उद्धव

ता.क. समजवायचे राहू द्या. मी लिहीत असताना ती मागे उभी राहून सगळे वाचत होती. म्हणाली, "काढीन मी बांगड्या. पण आत नेईपर्यंत मनगट तुमीच धरून बसा. माहा हात रिकामा दिसाले नको." (चारचौघांत तिचा हात मी लग्नात धरला, तेवढाच.)

आणखी ता.क. तिला सोबतीला कोणी नको आहे. तरी अक्का, तुम्ही रविवारीच या. मनगट तिचं धराचं आहे अन् आतापासून माझाच हात थरथर कापून राह्यला.